आपलेच हात

पहाटे साडेपाचला बडोद्यातील आमच्या घरात पहिला आवाज होतो, तो तळहातांच्या घर्षणाचा. खिडकीखाली सतरंजी अंथरून मी बसते आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळू लागते. थंडीच्या दिवसांत ते गरम व्हायला जरा वेळ लागतो. गरम झाले की मिटलेल्या डोळ्यांवर ठेवते. मग कपाळ, कानशिले, कानांच्या पाळ्या, मान, खांदे असे करीत हात हळूहळू खाली उतरत तळपायांपर्यंत जातात. दहा-बारा मिनिटे एवढेच चालते. त्यानंतर आसने आणि आसनांनंतर थोडा वेळ ध्यान.

पाहणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. माणसाने स्वतःचे अंग स्वतः चोळावे, यात सांगण्यासारखे काय आहे? पण या साध्या गोष्टीपर्यंत पोहोचायला मला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. आणि ज्या घरात मी वाढले, त्या घरात तर तेलाचा वास कधी सरला नव्हता.

माझे बालपण साताऱ्यात गेले. वडील कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्यांच्या पगारात पाच माणसांचा संसार भागत नसे. म्हणून आई बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ-माखू घालण्याची कामे करी. सकाळी आमचे डबे भरून ती निघे, ती दोन-तीन घरे उरकून दुपारी परते. तिच्या पदराला वेखंडाचा, ओव्याच्या धुरीचा आणि तेलाचा मिळून एक वास येई. आजही कुठे तो वास आला की माझी पावले थबकतात.

सुट्टीच्या दिवशी कधीकधी ती मला बरोबर नेई. न्हाणीघरात ती पाटावर बसे, पाय लांब पसरी आणि बाळाला नडग्यांवर आडवे करी. तेल आधी कोमट केलेले असे. पण तेवढ्याने तिचे समाधान होत नसे. ती आपले हात शेगडीवर धरून ऊन करी आणि मग ते बाळाच्या अंगावर नुसते ठेवी. चोळायला लगेच सुरुवात करीत नसे. एकदा मी विचारले, ‘‘आई, अशी नुसती का बसलीस?’’ ती म्हणाली, ‘‘आधी हाताला पोर कळू दे. मग पोराला हात कळतो.’’

मग तिचे हात चालू लागत. लांब हाडांवर लांब हात आणि सांध्यांवर गोल हात, हा तिचा नियम होता. पोटावरून हात फिरताना तो इतका हलका होई, की जणू पिठावरची रांगोळीसुद्धा विस्कटू नये. शेवटी ती टाळू भरी. रडणारे बाळ त्या सुमारास शांत होई आणि आई त्याच्याशी बोलू लागे : ‘‘उगी, उगी. झालं हं आता.’’ कोणत्या बाळाचा खांदा अवघडला आहे, कोणाच्या पोटात वारा धरला आहे, हे तिला हातांनी समजे. गल्लीतील निम्म्याअधिक मुलांची हाडे तिने जोखलेली होती.

मात्र आई स्वतःच्या अंगाला तेल लावीत बसली आहे, असे चित्र मला आठवत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान असे. त्या दिवशी ती वडिलांच्या, आमच्या आणि आजीच्या अंगाला तेल-उटणे लावी. सगळ्यांची स्नाने उरकेपर्यंत उजाडलेले असे. मग वाटीच्या तळाशी उरलेले तेल बोटांनी निपटून ती केसांना लावी आणि फराळाची ताटे वाढायला उठे. उन्हाळ्यात रात्री आजीच्या तळपायांना तूप लावून ती काशाची वाटी घाशी. वाटीखाली पाय काळसर होत. अंगातली उष्णता उतरली, असे आजी म्हणे. खरे तर ती काळी झाक काशाच्या घर्षणाची असते, हे मला पुढे समजले. पण आजीला लागणारी शांत झोप मात्र खरी होती. ती वाटी आईच्या तळपायांवर फिरलेली मी कधी पाहिली नाही. आमच्यापैकी कोणाला ते सुचलेही नाही.

लग्नानंतर मी बडोद्याला आले. नोकरी कार्यालयातली, बैठी. पंचवीस वर्षे मेजावर वाकून कागद आणि नंतर संगणक पाहता पाहता मानेचे दुखणे जडले. उजवा खांदा वर उचलेना. गुडघे उठताना कुरकुरू लागले. औषधांनी तेवढ्यापुरते बरे वाटे. शेवटी डॉक्टरांनी नियमित व्यायामाचा सल्ला दिला आणि मी घराजवळच्या योगवर्गात नाव घातले.

वर्गात पहिल्या दिवशीच माझा घात माझ्या उतावळेपणाने केला. शेजारच्या बाई सहज पुढे वाकून पायांचे अंगठे धरीत होत्या. आपल्यालाही ते जमलेच पाहिजे, असे मला वाटले. श्वास रोखून, दात आवळून मी वाकले. कमरेत एक सणक गेली आणि मी तशीच बसून राहिले. चार दिवस मला सरळ उभे राहता आले नाही.

पाचव्या दिवशी मी वर्ग सोडते असे सांगायला गेले. आमच्या योगशिक्षिका वयाने माझ्याहून मोठ्या, मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘ताई, अनोळखी माणसाच्या घरी जाऊन तुम्ही एकदम त्याच्याकडे उसने पैसे मागाल का?’’

मी म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘मग शरीराची नीट ओळखही नसताना तुम्ही त्याच्याकडे एवढे कसे मागितलेत?’’

त्या दिवशी त्यांनी मला आसने करू दिली नाहीत. कोपऱ्यात बसवले आणि म्हणाल्या, ‘‘दोन आठवडे फक्त अंग चोळायचे. कोरड्या हातांनी, कपड्यांवरून चालेल. जोर लावायचा नाही. प्रत्येक ठिकाणी हात पोहोचला की तिथे काय आहे, एवढेच पाहायचे.’’

मला संकोच वाटला. सगळ्यांसमोर आपणच आपली मान, मांड्या, पोटऱ्या चोळीत बसायचे! लहानपणापासून स्त्रीने अंग झाकावे, आवरावे, विसरावे, एवढेच कानांवर आलेले. आरशात केस विंचरताना आणि कुठे दुखले-खुपले तर, याखेरीज मी माझ्या शरीराकडे कधी पाहिले नव्हते. आता हात दंडावर ठेवला तर तो दंड कोणा परक्याचा वाटला. मी तो घाईने, भांडे घासावे तसा घासला. बाई दुरूनच म्हणाल्या, ‘‘हळू. घाई असेल तर हात उचला.’’

हळूहळू क्रम अंगवळणी पडला. आधी तळहात ऊन करायचे. चेहऱ्यावर बोटांच्या टोकांनी, जबड्याच्या सांध्यावर गोल, मानेच्या मागे वरून खाली. एका हाताने दुसरा खांदा धरून दाबायचा आणि सोडायचा. दंडावर लांब हात, कोपरावर गोल हात, मनगटावर पुन्हा गोल हात. पोटावर मोठ्या आतड्याच्या वाटेने : बेंबीच्या उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली. कमरेवर तळहातांची ऊब. मग मांड्या, गुडघ्याच्या वाटीभोवती गोल, पोटऱ्या, घोटे आणि शेवटी तळपाय. असे करताना तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझे हात एकाएकी थांबले. लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल हात! हा तर आईचाच नियम होता. मी तो शेकडो वेळा पाहिला होता. फक्त तो मोठ्या माणसांनाही, आणि स्वतःलाही लागू पडतो, हे मला माहीत नव्हते.

या ओळखीने माझे कुतूहल वाढले. वाचनालयातून पुस्तके आणून मी वाचू लागले. अंगाला तेल चोळण्याला आयुर्वेदात ‘अभ्यंग’ म्हणतात. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात अभ्यंग नित्य करावा, आणि विशेषतः डोके, कान व पाय यांना तेल लावावे, असे सांगितले आहे. अजीर्ण झालेले असताना तो करू नये, असेही तिथेच बजावले आहे. ‘चरकसंहिते’त तर शेतकऱ्याला सहज पटेल असा दृष्टांत येतो. तेल मुरलेला घडा, तेल पाजलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसा टिकतो, तसे तेलाने शरीर टिकते. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला आपण विसरत नाही. मग अंगाचे सांधे तेवढे कोरडे का ठेवावेत?

योगाच्या परंपरेतही अंग चोळण्याला जागा आहे. ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळावा, असे सांगितले आहे. हे वाचले तेव्हा बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. योगाचा आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर अभ्यास करणारे स्वामी कुवलयानंद यांचा जन्म १८८३ साली बडोद्याजवळच्या डभोई येथे झाला. तरुणपणी त्यांनी बडोद्यातच राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत शरीरशिक्षणाचे धडे घेतले, आणि पुढे १९२४ साली लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ ही संस्था स्थापन केली. आखाड्याच्या मातीत आणि योगाच्या सतरंजीवर माणूस एकच गोष्ट शिकतो, असे बाई म्हणत : ‘‘अंगाला आधी तयार करायचे, मग कामाला लावायचे.’’ कोल्हापूरच्या तालमींतून पहिलवानांची मालिश पाहतच त्या वाढल्या होत्या.

विज्ञानही या बाबतीत गप्प नाही. त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव मानला जातो. तिच्यात स्पर्शाची बातमी मेंदूला देणाऱ्या असंख्य मज्जातंतूंची टोके असतात. त्यांतील काही तंतू असे आहेत, की ते हळुवार, संथ स्पर्शालाच उत्तम प्रतिसाद देतात. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या वेगाने फिरला, तर ते अधिक जागे होतात. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते, तो वेग साधारण हाच. तापमान आणि स्पर्श आपल्याला कसे कळतात, याचा उलगडा करणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशन या शास्त्रज्ञांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, ‘‘चला, म्हणजे ‘घाई असेल तर हात उचला’ हे मी बरोबर सांगत होते!’’

अर्थात अंग चोळणे म्हणजे व्यायाम नव्हे. नुसते चोळून स्नायू बळकट होत नाहीत. त्यासाठी त्यांना काम द्यावेच लागते. चोळण्याने फार तर अंग उबदार होते, मन त्या जागी येते आणि कुठे किती ताणायचे याचा अंदाज येतो. काही पथ्येही आहेत. ताप असेल, जखम किंवा लाल सूज असेल, हाड नुकतेच मोडलेले असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, तर चोळू नये. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारूनच करावे. तेल लावायचे झाल्यास ते सुट्टीच्या दिवशी, स्नानाच्या आधी. तेलकट तळव्यांनी आसने केली तर पाय घसरतो, म्हणून रोजच्या अभ्यासाआधी कोरडेच हात बरे.

येथपर्यंत सारे सुरळीत होते. पण दुसऱ्या आठवड्यात, तळपायांवर हात पोहोचला की मी अस्वस्थ होऊ लागले. पायाची बोटे एकेक करून धरायची, ओढायची, बोटांच्या मधल्या खाचा पाहायच्या, हे मला करवेना. करंगळीपाशी आले की हात आपोआप मागे येई. त्याचे कारण मला ठाऊक होते. मी ते कोणाला सांगितले नव्हते.

त्याच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. वडील गेल्यानंतर आई साताऱ्याला भावाकडे राहत होती. तिला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली होती. गोळ्या चालू होत्या, पण ‘‘मला काही होत नाही’’ असे म्हणून ती तपासण्या टाळी. आम्हीही तिच्या शब्दावर विसंबत असू. एका दिवाळीला मी माहेरी गेले. आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात उभी होती. मी तिच्या पाया पडायला वाकले आणि मला दुर्गंधी जाणवली. तिच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. खाली जखम होती. चपलेचा खिळा वर आला होता आणि तो रोज तिला टोचत होता. किती दिवस, कोण जाणे! तिला ते कळलेच नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. मग एक नायलॉनचा बारीक धागा तिच्या तळपायावर वेगवेगळ्या ठिकाणी टेकवला. ‘‘आजी, लागला की सांगा,’’ ते म्हणाले. त्यांनी धागा एकदा टेकवला, दोनदा टेकवला, पाच-सहा जागी टेकवला. आई डोळे मिटून वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘लावा की डॉक्टर, कधी लावताय?’’

मी तोंड फिरवून उभी राहिले.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, तर मज्जातंतूंना इजा होते, आणि बहुधा तिची सुरुवात पायांच्या बोटांपासून होते, हे तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले. पाय बधिर झाला की वेदना होत नाही. वेदना होत नाही म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही. मधुमेह असणाऱ्याने रोज आपले पाय पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा, असे ते म्हणाले. आईची करंगळी काढून टाकावी लागली. पाय वाचला.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी विचार करीत होते. कोणाच्या बाळाचा खांदा अवघडला आहे हे जिच्या हातांना न पाहता समजे, तिला स्वतःच्या पायाला झालेली जखम समजली नाही. तिने आयुष्यात दिवसाकाठी एकदा, पाच मिनिटे, आपले पाय आपल्या हातांत घेतले असते तर? आणि आम्ही चौघांनी, ज्यांची अंगे तिने चोळून वाढवली, त्यांच्यापैकी एकानेही कधी ते पाय हातांत घेतले असते तर? दोष मधुमेहाचा होता, चपलेच्या खिळ्याचा होता. पण आमचा नव्हता, असे मला म्हणता येत नव्हते.

हे सारे मी एके दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘ज्या जागेशी हात थांबतो, तिथूनच सुरुवात करायची. उद्या आधी करंगळी धरा.’’

दुसऱ्या दिवशी मी करंगळी धरली. ती धडधाकट होती, थोडी वाकडी, नखाशी जरा टणक. चिमटीत धरून मी ती हळूच फिरवली. मला रडू आले. वर्गात कोणी माझ्याकडे पाहिले नाही, किंवा पाहूनही न पाहिल्यासारखे केले. त्यांचे ते मौन मी अजून विसरलेली नाही.

त्यानंतर ध्यानाला बसण्याचाही अनुभव बदलला. पूर्वी डोळे मिटले की मनात कार्यालयातील कागद, भाजीचा हिशेब, मुलांच्या परीक्षा यांची गर्दी होई. ‘मन एकाग्र करा’ असे कोणी सांगितले की ते अधिकच पळे. आता हात थांबल्यावरही त्यांचा स्पर्श अंगावर काही काळ रेंगाळतो. कपाळावर ऊब असते, गुडघ्यांत हलकीशी झिणझिण असते, तळवे जागे असतात. मनाला बसायला जणू जागोजागी पाट मांडून ठेवलेले असतात. ते अजूनही पळते, पण परत यायला त्याला घर आहे. आईच्या भाषेत सांगायचे तर आधी हाताला अंग कळते, मग अंगाला हात कळतो, आणि मग दोघेही गप्प होतात. माझ्यापुरते ध्यान म्हणजे एवढेच.

खांदा आता वर जातो. पुढे वाकून अंगठे मात्र अजून धरता येत नाहीत. त्याचे वाईट वाटणे थांबले आहे.

गेल्या वर्षापासून आई आमच्याकडे बडोद्याला असते. वय अठ्ठ्याहत्तर. सुरुवातीला रोज संध्याकाळी मीच तिचे पाय पाहत असे. पाणी किती ऊन आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहायचे. पाय धुऊन बोटांच्या खाचा कोरड्या करायच्या. तेल तळव्याला आणि टाचेला लावायचे, बोटांच्या मध्ये नाही. काशाची वाटी मी माळ्यावर ठेवून दिली आहे. बधिर पायाला घर्षणाची इजा कळत नाही.

आईला हे सारे अवघड वाटे. ‘‘लेकीने पाय धरायचे? लोक काय म्हणतील!’’ असे म्हणून ती पाय ओढून घेई. ‘‘मग तू स्वतः बघ,’’ मी म्हणे. त्यावर तिचे उत्तर ठरलेले : ‘‘इश्श! स्वतःलाच काय चोळीत बसायचं? लाज वाटते बाई.’’ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला वाटलेला संकोच मला कोणाकडून मिळाला होता, ते तेव्हा उमगले.

मागच्या हिवाळ्यात एकदा मला कार्यालयातून यायला उशीर झाला. दार लोटलेलेच होते. आत आले तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आई खुर्चीवर बसलेली. शेजारी तेलाची वाटी आणि माझा हातातला छोटा आरसा. डावा पाय तिने उजव्या मांडीवर घेतला होता. मी दारातच थांबले. ती आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळीत होती. ते ऊन झाल्यावर तिने ते पायावर नुसते ठेवले. बराच वेळ तशीच बसली. मग टाचेपासून लांब हात, घोट्याभोवती गोल हात. चाळीस वर्षांपूर्वीच्या न्हाणीघरातले तेच हात होते, फक्त थरथरणारे. जिथे करंगळी नव्हती, तिथे तिचे बोट आले, थांबले, आणि त्या जागेवरून अगदी हलकेच फिरले.

तिला मी आल्याचे कळले नव्हते. खाली पाहत, ती त्या पायाशीच बोलत होती : ‘‘उगी, उगी. झालं हं आता.’’

मी आवाज न करता मागे सरले आणि थोडा वेळ जिन्यात उभी राहिले. मग जोरात कडी वाजवून घरात शिरले. आईने पदराने पाय झाकला. ‘‘आलीस? चहा टाकते,’’ ती म्हणाली.

‘‘बस तू. आज मी टाकते,’’ मी म्हणाले.